जमीन माझी, शिक्का सरकारचा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझे मित्र म्हणतात, सरकार जितके लहान तितका माणूस मोकळा. घरातली जुनी मंडळी नेमके उलटे सांगतात. खरे काय धरायचे?
(विद्यार्थी, अलिबाग)

उत्तर: तुमच्याच तालुक्यातले उदाहरण घ्या. खोतीच्या काळात, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरण्याचा हक्क खोताकडे असताना, सरकारचे हात गावात फारसे पोचत नव्हते. खोताने सारा भरला की सरकारचे काम झाले. कुळाकडून किती मक्ता (खंड) आणि किती वेठ घ्यायची, हे खोत ठरवी. कागदोपत्री कूळ मोकळे होते, पण एकट्या कुळाने नाही म्हटले तर दुसऱ्या दिवशी जमीन दुसऱ्याकडे जाई. १९३३ मध्ये चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी मिळून शेत कसायचेच नाकारले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा हा संप १९३९ पर्यंत टिकला. मधल्या काळात, १९३७ साली, डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. म्हणजे एकेका कुळाचे स्वातंत्र्य आले ते गावाच्या एकजुटीतून, आणि ते टिकवले कायद्याने.

पुढची गोष्ट मात्र तुमच्या मित्रांच्या बाजूची. १९४८ च्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला मालक केले, आणि त्याच कायद्याचे कलम ६३ त्या मालकाला सांगते की परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायची नाही. मालकी दिली, पण गळ्यातले दावे सोडले नाही.

‘समूह’ आणि ‘सरकार’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले की घोळ होतो. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनी गावाच्या सामाईक वहिवाटीच्या. सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचे नाव लागले आणि भांडण सुरू झाले. तिथे समूहच सरकारशी भांडत आला आहे.

प्रश्न: आमच्या कातळावर प्रकल्प येणार अशी चर्चा आहे. आंबा-काजूची कलमे आहेत, सातबाऱ्यावर तीसेक नावे आहेत, निम्मे लोक मुंबईत. मालमत्तेचा हक्क घटनेतून काढला आहे म्हणतात. मग आम्ही करू शकतो तरी काय?
(बागायतदार, राजापूर तालुका)

उत्तर: हक्क काढलेला नाही, त्याची जागा बदलली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये आला: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या एका ओळीतून सात गोष्टी स्पष्ट केल्या. आधी नोटीस, मग म्हणणे ऐकणे, कारणांसह निर्णय, सार्वजनिक कारण, रास्त मोबदला, वेळेत कारवाई, आणि ती शेवटास नेणे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, मुंबईच्या जुन्या इमारतींवरून निघालेल्या खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’, म्हणजे लोकहितासाठी वाटप करण्याजोगी मालमत्ता, ठरत नाही.

नोटीस हातात आली की आधी रक्कम शोधू नका. ती कोणत्या कायद्याखाली काढली आहे ते वाचा. सगळी गणिते तिथून बदलतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना (कलम ११) निघाली असेल तर हरकतीला ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली असेल तर फक्त २१. शेजाऱ्याचे ऐकून साठ दिवस मोजत बसलेला माणूस इथे हमखास फसतो. औद्योगिक विकास महामंडळासाठी १९६१ चा वेगळा कायदा आहे, त्याची नोटीस वेगळी.

२०१३ च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के जमीनधारक कुटुंबांची, आणि सरकार-खासगी भागीदारीसाठी ७० टक्क्यांची पूर्वसंमती लागते. सरकार स्वतःच्या प्रकल्पासाठी घेत असेल तर संमतीची अट नाही. जमीन तुमची, ‘सार्वजनिक कारण’ ठरवणार सरकार, आणि संमतीची गरज कधी हेही सरकारच्या भूमिकेवर अवलंबून: आमच्या मते या कायद्याची सर्वांत कच्ची बाजू हीच.

हरकत लेखी द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. मोर्चा काढा, पण मोर्चा हरकतीच्या मुदतीत मोजला जात नाही. दोनशे सह्यांचे एकच निवेदन दिले की सुनावणीला कोणाला बोलवायचे हा घोळ होतो. गट क्रमांकनिहाय वेगळे अर्ज द्या. मजकूर कायद्याने दिलेल्या मुद्द्यांवर ठेवा: क्षेत्र आणि जमिनीची योग्यता, सार्वजनिक कारण खरे आहे का, सामाजिक परिणाम अहवालातील चुका. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिले तर हरकतीला वजन येत नाही.

तीस नावांपैकी जी मंडळी वारली आहेत त्यांची वारसनोंद आजच लावा. मयताच्या नावे नोटीस निघते, घर बंद म्हणून परत जाते आणि मुदत संपते. कोकणातली बरीच प्रकरणे प्रकल्पापेक्षा या आळसाने बिघडतात. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा, आंबा-काजूच्या कलमांची वयानुसार यादी आणि फोटो तयार ठेवा, विहीर आणि गडगाही (दगडी कुंपण) लिहून घ्या. पंचनाम्यात नोंदवायचे राहिलेले झाड निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, येत नाही.

२०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्यात ठरलेल्या एकूण मोबदल्यावर तेवढीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम असते. रक्कम उचलताना ‘हरकत राखून स्वीकारली’ असे लिहा. तसे न लिहिता घेतली तर वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहाच आठवडे मिळतात.

प्रश्न: कर्ज काढून नौका घेतली. समुद्र सर्वांचा, मग सरकार १ जून ते ३१ जुलै आम्हाला बांधून का ठेवते?
(नौकामालक, मालवण)

उत्तर: समुद्र सर्वांचा आहे म्हणूनच. शेताला बांध असतो. तुम्ही आज न पकडलेली गाभोळीची मासळी मात्र उद्या शेजारी पकडणार, म्हणून कोणीच थांबत नाही. पावसाळ्यात बरीच मासळी अंडी घालते, त्यामुळे बंदी सर्वांना एकदम लागू झाली तरच तिचा उपयोग. मालवणातली रापण पाहा: किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायचे जाळे, मिळेल त्याची वाटणी. तिथे मर्यादा समूह स्वतःच पाळतो, कारण जाळे किनाऱ्यापासून फार लांब जातच नाही. यांत्रिक नौकांमुळे ही मर्यादा उडाली, आणि सागरी मासेमारी नियमनाचा १९८१ चा राज्य कायदा लागू करावा लागला.

तुमची तक्रार एका जागी रास्त आहे. नियम कागदावर भरपूर आणि समुद्रात गस्तीनौका थोड्या, अशी स्थिती असली की नियम पाळणाऱ्यालाच दंड बसल्यासारखे होते. मासळी ओढण्यासाठी एलईडी दिवे लावून बारा सागरी मैलांच्या आत येणाऱ्या नौकांची तक्रार करताना वेळ, नौकेचा नोंदणी क्रमांक आणि जीपीएसचे अक्षांश-रेखांश द्या. या तीन गोष्टी नसल्या तर अधिकाऱ्यापुढे प्रकरण उभे राहणे कठीण.

प्रश्न: ग्रामसभेने ठराव केला की प्रकल्प थांबतो ना?
(गृहिणी, पेण तालुका)

उत्तर: नाही. पेसा (आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांचा कायदा) लागू नसलेल्या गावांत ठराव एकट्याने संपादन रोखत नाही. पण सुनावणीत, न्यायालयात आणि मंत्रालयात त्याचे वजन पडते. २१ सप्टेंबर २००८ ला तुमच्याच तालुक्यातील २२ गावांत महामुंबई सेझबाबत (विशेष आर्थिक क्षेत्र) जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मत घेतले गेले. भूसंपादनाच्या कायद्यात अशा मतदानाची सोय नव्हती, तरी ते घ्यावे लागले. ठराव टिकायचा तर गणपूर्ती हवी: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तो. हजेरीपटावर सह्या सभेआधी घ्या, ठरावात गट क्रमांक लिहा, सूचक आणि अनुमोदकाची नावे घाला, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) सही-शिक्क्याची प्रत लगेच मागा. प्रत मिळाली नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही की पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.