ट्रेलरवरची शिडाची बोट: आधी कागद, मग बेअरिंग, शिडं सगळ्यात शेवटी

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. जुनी कॅटलिना २२ ही छोटी शिडाची बोट घेतलीत, स्विंग कीलवाली (म्हणजे तळाचं जड पातं खाली-वर घेता येणारी), ट्रेलरसकट. यंदाच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक बे या उपसागरात उतरवायची आहे, पण ट्रेलरची नोंदणी सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर अडकली आणि घरी आणताना डावं चाक तापलं. दोन्ही दुखणी माझ्या ओळखीची आहेत. शिडं, गाठी, वाऱ्याच्या दिशा हे तुम्ही शिकालच, ते सोडून देतो.

कागदांबद्दल आधीच सांगतो: मी वकील नाही आणि दर राज्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा खात्री तुम्हीच करा. मूळ गोम अशी की बोट आणि ट्रेलर या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. बोटीच्या सांगाड्याचा ओळख-नंबर एचआयएन, ट्रेलरचा, गाड्यांना असतो तसा, व्हीआयएन. एचआयएन मागच्या बाजूला, ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) उजव्या वरच्या कोपऱ्यात असतो. नोव्हेंबर १९७२ पासूनच्या बोटींना तो सक्तीचा आहे आणि तो १२ अक्षरी असतो. व्हीआयएन ट्रेलरच्या सांगाड्यावर, बहुतेक वेळा पुढच्या दांड्याजवळ असतो. १९८१ पासून तो १७ अक्षरी झाला, त्याआधीचे आखूड आहेत.

मला ज्या कार्यालयाने छळलं त्याचं नाव घेत नाही. तिथे खरेदीपत्रावर एकच नंबर दिसला म्हणून बाईंनी बोटीचा एचआयएन ट्रेलरच्या रकान्यात टाकला. पुढे दुरुस्ती मागितली तर जुन्या मालकाची नोटराइज्ड सही आणा म्हणाले, आणि तो गृहस्थ तोवर दुसऱ्या राज्यात राहायला गेलेला. दुसऱ्या खिडकीवर वेगळाच फॉर्म. तिसरीवर सांगितलं की १७ पेक्षा कमी अक्षरं संगणक घेतच नाही. चूक त्यांची, हेलपाटे माझे, आणि लेखी मात्र कुणी काही देईना. अख्खा मोसम बोट अंगणात उभी राहिली. पगारी माणसाला आपल्याच खात्याचा नियम माहीत नसावा याचा आजही संताप येतो.

म्हणून तुम्ही असं करा. खरेदीपत्रं दोन करून घ्या, एक बोटीचं आणि एक ट्रेलरचं. मोटर असेल तर तिचा सिरियल नंबरही लिहून घ्या. जुन्या टायटलवर (मालकीच्या सरकारी कागदावर) दोन मालकांची नावं असतील तर दोघांच्या सह्या घ्या. विकणारा अजून फोन उचलतोय तोवरच हे उरका. व्हीआयएनची पट्टी गंजली असेल तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासा, नंबर उमटतो. त्याचे फोटो काढून ठेवा. तोवर ट्रेलर घासू नका, रंगवू तर मुळीच नका, कारण नंबर गेला की राज्याकडून नवा नंबर, तपासणी, पुन्हा रांग. ट्रक स्टॉपच्या काट्यावर रिकाम्या ट्रेलरचं वजन करून पावती ठेवा, काही ठिकाणी ती मागतात. काय काय लागतं हे ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून खिडकीवर न्या. तोंडी उत्तरावर एक मैलही जाऊ नका.

आता चाक. जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग, नुसतं जड फिरत असेल तर ब्रेक धरलाय. हब (चाकाचा मधला तुंबा, ज्यात बेअरिंग बसतं) उघडल्यावर ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. रोलर निळसर झाले असतील किंवा रेसवर (रोलर ज्या कडीत फिरतात तिच्यावर) खड्डे असतील तर नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही, रेसही ठोकून काढा. ३,५०० पौंडी अॅक्सलला बहुधा आत एल६८१४९ आणि बाहेर एल४४६४९ या नंबरचं बेअरिंग लागतं, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच घ्या. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, दोन जातींची ग्रीसं मिसळू नका, सील (पाणी अडवणारी कडी) आणि कॉटर पिन (नट जागेवर धरणारी खीळ) नवीनच घाला. हब फिरवत नट आवळा, मग सैल करा, बोटांनी टेकेपर्यंत आणा आणि पिनचं भोक जुळायला लागेल तेवढाच मागे घ्या. ताकदीने आवळलेला नट हे चाक तापण्याचं नेहमीचं कारण.

दुसरं कारण उताराच्या धक्क्यावर घडतं. हायवेवरून आलेलं गरम हब थेट गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. चेसापीकचं पाणी निमखारं आहे, गंजायला तेवढं पुरतं. धक्क्याला पोहोचलात की आधी डोलकाठी उभी करा, सामान लावा, तोवर हब निवतात. ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढा, मगच ट्रेलर मागे पाण्यात घ्या. निघाल्यावर पंधरा-वीस मैलांवर थांबून हबला हात लावून बघायचा. तळहात टेकवत नसेल तर पुढे जाऊ नका. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवर 'DOT' पासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं. सहा वर्षांपुढचा टायर मी तरी वापरणार नाही.

कीलबद्दल थोडं. ५५० पौंडांचं ओतीव लोखंड एका केबलवर लोंबतं. ट्रेलरवर असताना ते खालच्या आधारावर टेकवा आणि केबल सैल ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याचा हिसका केबल आणि विंच (केबल गुंडाळणारा रहाट) खातात. केबलवरून चिंधी फिरवा. एक तार जरी अडकली तरी केबल बदला. ती तुटून कील धाडकन खाली आला तर केबल जिथून आत शिरते तिथलं फायबरग्लास फुटू शकतं. तिथला रबरी होस (नळी) आणि तो आवळणारे क्लॅम्प दर वसंतात बघा.

हे सगळं कशासाठी? कील खाली असताना बोटीला पाच फूट पाणी लागतं, वर घेतला की दोन फूट. मोठ्या बोटी बाहेर नांगरून पडतात आणि तुम्ही गवताळ खाडीत आत, बगळ्यांच्या शेजारी रात्र काढता. चांगला वारा मिळाला की कीलची ताणलेली केबल केबिनमध्ये गुणगुणते. पहिल्यांदा दचकाल, पण ते ठीक आहे.

डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा, जाण्याच्या वाटेवरही. अॅल्युमिनियमची काठी आणि विजेची तार यांत दुसरी संधी नसते. आणि काठी अर्ध्यावर आली की एकाने फक्त टर्नबकलांकडे (काठीला धरणाऱ्या तारा ताणायच्या खालच्या स्क्रूंकडे) बघायचं. एखादा आडवा अडकला तर काठी वर जाताना तो वाकतो आणि त्याचे आटे जातात. जोर लागायला लागला की थांबा, खाली घ्या, सरळ करा. दोन जादा टर्नबकल आणि त्यांच्या पिना अडकवायच्या मूठभर रिंगा डब्यात असू द्या, रविवारी दुकान उघडं मिळत नाही.