शिकागोहून सेंट लुईसला जाताना पाँटियाकला थांबावं का?

थांबा की! तुम्ही म्हणताय आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना रूट ६६ वरचं, म्हणजे शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या जुन्या हायवेवरचं, एखादं जुनं गाव दाखवायचंय आणि इलिनॉयमधल्या पाँटियाकसाठी वाट वाकडी करावी का. मी ब्लूमिंग्टनला राहतो, आमच्याकडे कोणाचेही आई-वडील आले की पाँटियाकची एक चक्कर ठरलेलीच.

फक्त आय-५५ या आताच्या मोठ्या हायवेने सरळ तिथे जाऊ नका. ड्वाइट गावाला हायवे सोडा आणि रूट ६६ चा जुना रस्ता धरा, एका बाजूला रेल्वे लाइन, आजूबाजूला मका नाहीतर सोयाबीन, आणि मधेमधे जुन्या चौपदरी रस्त्याच्या बंद पडलेल्या लेन दिसतात, फटींमधून गवत आलेलं. वाटेत ओडेल लागतं. तिथला १९३२ चा पेट्रोल पंप सगळेच बघतात, पण ऐकण्यासारखी गोष्ट बोगद्याची आहे, १९३७ मध्ये या गावात गाड्यांची एवढी गर्दी असायची की शाळेतली पोरं आणि चर्चला जाणारी माणसं रस्ता ओलांडू शकत नव्हती म्हणून खालून वाट काढावी लागली. आज तिथे भर दुपारी रस्त्यावर सतरंजी टाकून जेवायला बसलात तरी चालेल (बसू नका).

पाँटियाकमध्ये जुन्या फायर स्टेशनच्या इमारतीत रूट ६६ चं म्युझियम आहे. बॉब वॉल्डमायर म्हणून एक चित्रकार होता, आयुष्यभर या रस्त्याची चित्रं आणि नकाशे काढत हिंडला, २००९ मध्ये गेला. त्याची फोक्सवॅगन व्हॅन आत ठेवलीय आणि ज्या स्कूल बसचं त्याने घर केलं होतं ती बाहेर उभी आहे. माझ्या मते अख्ख्या गावात बघायची गोष्ट हीच. म्युझियमच्या मागच्या भिंतीवरची ६६ ची भलीमोठी पाटी फोटोपुरती ठीक. बाकी गावभर भिंतींवर चित्रं आहेत, बरीचशी २००९ मध्ये वॉलडॉग्ज नावाच्या चित्रकारांच्या ग्रुपने येऊन रंगवलेली. नदीवर पायी जायचे तीन झुलते पूल आहेत, सगळ्यात जुना १८९८ चा, चालताना हलतो, तेव्हा आईंचा हात धरा.

गावाबाहेर ओल्ड लॉग केबिन या जुन्या रेस्टॉरंटची इमारत आहे. नवा रस्ता तिच्या मागच्या बाजूने गेला, तर मालकांनी अख्खी इमारत उचलून तोंड फिरवलं! १९८५ ला रूट ६६ सरकारी यादीतूनच गेला आणि सगळी गर्दी आय-५५ वर, तरी ही गावं टिकली ती असल्याच चिवटपणामुळे, आणि आता १९२६ पासूनची शंभरी म्हणून पुन्हा भाव आलाय.

वेळ अडीच-तीन तास धरा, त्याहून जास्त नाही. शाकाहारी असाल तर डबा सोबत ठेवा, फ्राइज आणि पाय यावर आमच्या आईचं तरी भागलं नव्हतं. पुढे जमलं तर अटलांटाला (जॉर्जियातलं नव्हे, इलिनॉयमधलंच छोटं गाव) हातात हॉटडॉग धरलेला १९ फुटी पुतळा आहे, पाच मिनिटं थांबून मग आय-५५ पकडा.