तासांचा रकाना

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. सात फ्रिज, पाच पंखे, चार गिझर, दोन मिक्सर आणि खाली एक ओळ, 'मामा, डोकं चालेना झालंय, तुम्हीच सांगा.' वेळ बघितली तर रात्रीचे दीड. पहिलं घर मांडताना माणसाची झोप उडते, मान्य. पण ती फ्रिजपायी उडावी हे काही पटलं नाही.

तक्ता नीट केलायस. किंमत आहे, वीजबचतीचे तारे आहेत, वॉरंटी आहे, लोकांनी दिलेले शेरे आहेत. एक रकाना तेवढा राहिला. वस्तू रोज किती तास चालणार, तो. तो नाही म्हणून बाकीचे सगळे आकडे एकमेकांशी भांडतायत आणि मध्ये तू बसलीयस.

वीज जपावी, चालती वस्तू टाकू नये, हे तुला सांगत बसत नाही. चौथीत असताना शाळा सुटली की माझ्या गाळ्यात बसून जळक्या वायंडिंगची तांब्याची तार सोडवायचीस, ते पोर तू. तुझ्यासमोर ते पुराण लावलं तर तुझी आईच हसेल मला. थेट तासांवर येतो.

मिक्सरपासून सुरू करू. ७५० वॅट बघून तू तिथे प्रश्नचिन्ह टाकलंयस. रोज दहा मिनिटं वाटण केलंस तर वर्षाची होतात ४५ युनिटं. आता छताचा साधा पंखा बघ. ७५ वॅट, म्हणजे मिक्सरचा दहावा हिस्सा. रोज १५ तास, वर्षातले ३०० दिवस धर. ३३७ युनिटं! मिक्सरच्या सातपटीहून जास्त, आणि त्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. सरकारनेही उशिराच बघितलं. ताऱ्यांची लेबलं २००६ साली आली, बर्फ न साचणाऱ्या फ्रिजला २०१० पासून सक्तीची झाली, पंख्याला जानेवारी २०२३ उजाडावा लागला.

बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा तीसेक वॅटमध्ये देतो. वाचले ४५ वॅट. १५ तासांच्या हिशेबाने वर्षाला २०० युनिटं. मी युनिटला सरळ दहा रुपये धरतो, तोंडी हिशेब होतो. १०० युनिटांपुढे दर चढतो आणि वाचतात ती नेहमी वरच्या टप्प्यातली युनिटं, त्यामुळे दहा काही फार नाहीत. वर्षाला दोन हजार झाले. साध्या पंख्यापेक्षा तू दीड हजार जादा मोजणार, ते वर्षाच्या आत फिटले. पण तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत लाव, रोज तासभर चालणारा. वाचतील साडेतेरा युनिटं, म्हणजे १३५ रुपये. दीड हजार फिटायला अकरा वर्षं लागतील. पंखा तोच, किंमत तीच, तारेसुद्धा तेच. म्हणून म्हणतो, आधी तास लिही.

आज हे एवढ्या ऐटीत सांगतोय खरा, पण मला कळायला ३२ वर्षं लागली. तेवढी वर्षं मी सोलापुरात अशोक चौकाजवळच्या गाळ्यात जळके पंखे नव्या तारेने भरून दिले. माझं माप एकच होतं, वजन. पंखा हातात घेऊन तोलायचा, आत तांबं किती ते ओळखायचं. जड तो चांगला. आमच्या घरातला पंखा १९८६ सालचा. चार वेळा मीच भरलेला, दोनदा बेअरिंग बदललेलं. आल्यागेल्याला दाखवायचो, हा बघा, माझ्यानंतरही चालेल.

गाळा बंद केल्यावर एका रिकाम्या दुपारी त्याला वॅटमीटर लावला. ९२ वॅट. मीटरवर टिचकी मारली, जोडण्या घट्ट केल्या, पुन्हा बघितलं. ९२च. कारण मलाच ठाऊक होतं. जुनी तार काढायला आम्ही स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा, लोखंडी पत्र्यांचा भाग, जाळायचो. त्यात पत्र्यांमधला वार्निशचा थर जळतो आणि मग वारा द्यायच्या आधी लोखंडच गरम व्हायला लागतं. त्यात हव्या त्या जाडीची तार मिळाली नाही की जवळची भरायची. हे तेव्हाही माहीत होतं. फक्त त्यापुढे तास कधी मांडले नव्हते.

आणि गिऱ्हाईक कोण होतं माझं? यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस. तो दिवसा झोपायचा, पोरं रात्री झोपायची, खोली एक आणि पंखाही एक. मार्चपासून जूनपर्यंत तो पंखा थांबायचाच नाही. ९२ वॅटने चोवीस तास म्हणजे रोजची दोन युनिटं आणि वर थोडं. त्याला मी छातीठोक सांगायचो, 'नवा कशाला? दीडशेत भरून देतो, दहा वर्षं बघायला नको.'

आता तू म्हणशील, मामांनी लोकांना बुडवलं. तसं नाही. त्यांच्या खिशात दीडशेच असायचे, तेही दोनदा मिळून. तीस वॅटचे पंखे तेव्हा आमच्या बाजारात नव्हतेच. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना तान्हं पोर असलेल्या घरात संध्याकाळच्या आत पंखा फिरायला हवा होता, तो मी फिरवला. हे मी स्वतःला दर दोन-तीन महिन्यांनी सांगत असतो. त्यावरून काय समजायचं ते समज.

खरी चूक नंतर झाली. नवे पंखे आले तेव्हा एक शिक्षिका तसला पंखा घेऊन आल्या. वीज कडाडली त्या रात्री त्याचं कार्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलेलं. तक्रार करून तीन आठवडे झाले होते, कंपनीचं कुणी फिरकलं नव्हतं. सोल्डरिंग मला येत होतं, टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापत पडलेलं होतं. पण मी पंखा उघडलासुद्धा नाही. 'बाई, हातात घेतला तर कागदासारखा लागतो, हा टिकणार कसा?' असं वर ऐकवलं आणि त्यांना एक जुना भरलेला पंखा विकला. वर्षभराने कुतूहल म्हणून तसलाच एक उघडला. फुटला होता तो एक चपटा व्हॅरिस्टर, विजेचा जादा दाब स्वतःवर घेणारा, आणि त्याच्या शेजारचा फ्यूज. पाच-दहा रुपयांचा माल. त्या बाई पुन्हा गाळ्यात आल्या नाहीत. त्या जुन्या पंख्याचं बिल मात्र भरत राहिल्या असतील.

त्यामुळे टिकाऊपणाबद्दल मी आता वेगळं विचारतो. नव्या पंख्याचं कार्ड कधी ना कधी जाणार, हे धरूनच चाल. ते सुटं मिळतं का, कितीला मिळतं आणि तुझ्या भागात बसवून देणारा कोण, हे दुकानात विचार. विकणारा इकडेतिकडे बघायला लागला तर उठ. आणि ते शेरे वाचत बसणं बंद कर बाई. खोकं उघडून आठ दिवस झालेल्या माणसाचे पाच तारे तुला टिकाऊपणाचं काय सांगणार? तुझ्या तक्त्यातला सर्वांत रंगीत रकाना तोच आहे, हे बघून माझं रक्त आटलं.

आता फ्रिज. इथे तास चोवीस, वाद नाही. पण चोवीस म्हटल्यावर डोळे मिटून महागातला घ्यायचा असं नाही. तासांना फरकाने गुणायचं, आणि फ्रिजच्या लेबलवर तो गुणाकार करूनच दिलेला असतो. तारे सोड, खाली वर्षाच्या युनिटांचा आकडा असतो तो बघ. तुझ्याच तक्त्यात पाच तारेवाला तीन तारेवाल्यापेक्षा ६० युनिटं कमी खातो आणि सहा हजारांनी महाग आहे. वर्षाला ६०० रुपये म्हणजे फिटायला दहा वर्षं. त्याच सहा हजारांत चांगले दोन पंखे येतात, आणि ते वर्षाला चार हजार वाचवतात. तुझ्याकडे पैसे मोजके आहेत ना? मग आधी पंखे, उरलं तर फ्रिजचे तारे. दुकानात तुला बरोबर उलटं सांगतील, कारण तिथे फ्रिज दारात उभा असतो आणि पंखे मागच्या भिंतीला टांगलेले असतात.

ताऱ्यांचं आणखी एक. निकष मधूनमधून कडक होतात. एसीचे जुलै २०२२ मध्ये झाले, तेव्हा कालचा पाच ताऱ्यांचा एसी आज चारवर आला. यंत्रात काहीच बदललं नव्हतं. म्हणून ऑफरमधला माल घेताना लेबल कुठल्या काळाचं आहे ते वाच.

कंप्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीखाली तू दोन रेघा मारल्यायस. ती कंप्रेसरची असते. गॅस, मजुरी आणि कार्ड यांचे पैसे बहुतेक वेळा तुझ्याच खिशातून जातात, वॉरंटीच्या कागदावर लिहिलेलं वाच. फ्रिज मरतो तो पुष्कळदा दाराच्या रबरापायी. रबर सैल झालं की कंप्रेसर थांबत नाही, आणि लोक म्हणतात फ्रिज जुना झाला. दहाची नोट दारात धरून दार लाव आणि ओढ. सहज निघाली तर रबर गेलं. ते काही शेकड्यांत बदलून मिळतं. दोघांना १९० लिटरचा साधा एका दाराचा पुरतो. बर्फ साचला की बटण दाबायचं, एवढं जमेल तुम्हाला.

गिझरवर तू सर्वांत जास्त वेळ घालवलायस आणि तिथेच तो सर्वांत वाया गेलाय. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला अर्धं युनिट लागतं. एक तारेवाल्याला तेवढंच आणि पाच तारेवाल्यालाही तेवढंच, कारण पाणी तापवणाऱ्या कांडीची सगळी वीज पाण्यातच जाते. साठवणीच्या गिझरला तारे मिळतात ते नुसतं भरून ठेवल्यावर चोवीस तासांत किती ऊब गळते त्यावर. तू सकाळी वीस मिनिटं आधी लावणार आणि अंघोळ झाली की बंद करणार. मग त्या ताऱ्यांचे तुला किती तास? चुकून दिवसभर चालू ठेवणारं माणूस घरात असेल तर गोष्ट वेगळी. जावईबापू तसे आहेत का, ते तू बघ.

गिझरचे पैसे टाकीत घाल. पाणी बोअरचं असेल तर क्षार कांडीवर पांढऱ्या खडूसारखे बसतात आणि टाकी आतून कुजते. आत मॅग्नेशियमची एक सळई असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. दर दोनेक वर्षांनी उघडून बघायची, उरली नसेल तर बदलायची. माझ्या एवढ्या वर्षांत ती सळई बदलायला आपणहून आलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. टाकी फुटल्यावर मात्र सगळे आले.

मिक्सरला वीज विसर. तिथे भांडं मोटरला जोडणारा कपलर, मोटरचे कार्बन ब्रश आणि भांड्याचा बुश कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात का, एवढंच. मिळत असतील तर स्वस्तातला घे.

वॉशिंग मशीन यंदा घेऊ नकोस. राग आला तर येऊ दे. दोघांचे कपडे आहेत आणि हप्त्यांवर काही घ्यायचं नाही.

'घर भाड्याचं आहे, पंखे मालकाचे आहेत, मी कशाला बदलू' असं तू लिहिलंयस. ते वाचून थोडा चिडलोच. पंखा दोन स्क्रू आणि एका पिनेवर असतो. मालकाचे उतरव, पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेव, पात्यांचे नट पिशवीत घालून त्यालाच बांध. तुझे लाव. घर सोडताना तुझे काढ, त्यांचे लाव. वायरमन येतो एका दिवसाचा. बिल मालक भरतो का तुझं? हॉलचा आणि झोपायच्या खोलीचा बदल, स्वयंपाकघरातला राहू दे. का ते आता मी सांगणार नाही, तास लिही आणि तूच बघ.

रविवारपर्यंत तक्ता परत पाठव. रंग नकोत. वस्तूचं नाव, मग तास, मग बाकीचं. तास अंदाजाने लिहू नकोस, दोन दिवस घड्याळ बघून लिही. आपण पंखा सहा तास लावतो असं सगळ्यांना वाटतं.

दिवाळीला येशील तेव्हा आईचं जुनं मिक्सरचं भांडं घेऊन ये, कपलर आणून ठेवलाय.

आणि तो ९२ वॅटवाला पंखा अजून आहे का, हे तू विचारणारच. आहे. मागच्या खोलीत आहे. मी दुपारी पेपर वाचतो तेवढाच लावतो, रोज अर्धा तास. भिंतीवर पेन्सिलीने लिहूनच ठेवलंय. मामी तुला दोन तास सांगेल. तिचं ऐकू नकोस.

तुझा,
मामा