वाटणासाठी पाटा-वरवंटा की वेट ग्राइंडर? माझं मत: सध्या दोन्ही नको

भाड्याचं घर, छोटा ओटा, माणसं तीन, आणि मिक्सरमध्ये वाटण भरड राहतं म्हणून तुम्ही पाटा-वरवंटा किंवा वेट ग्राइंडर बघताय. शिवाय आज रात्री मोड आलेल्या मटकीचं काय करू, हाही प्रश्न आहेच. एक जड खलबत्ता घ्या आणि आहे तोच मिक्सर जरा वेगळ्या पद्धतीने वापरा, एवढ्यावर तुमचं भागेल.

मिक्सरची पाती कापतात आणि दगड रगडतो, त्यामुळे चवीत फरक पडतो हे खरंच. पण वाटण भरड राहायला बहुतेक वेळा आपली घाई कारणीभूत असते. तीन माणसांचं वाटण ते केवढं, जेमतेम वाटीभर. मोठ्या भांड्यात टाकलं की ते कडेला उडून चिकटतं आणि पाती नुसती फिरत राहतात. चटणीचं छोटं भांडं काढा. पाणीही सुरुवातीलाच ओतू नका, तुकडे पाण्यात गरगरतात, वाटले जात नाहीत. आधी भाजलेलं सुकं खोबरं आणि धणे कोरडेच फिरवा, मग आलं-लसूण, मग परतलेला कांदा. कांद्याच्या ओलाव्यावर बरंचसं भागतं. अडलंच तर चमचा-चमचा पाणी. खसखस असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवूनच घाला, नाहीतर ती शेवटपर्यंत दाताखाली येते. आणि कांदा पूर्ण गार होऊ द्या! गरम जिन्नस बंद भांड्यात फिरवले की वाफ कोंडते, झाकण उडतं आणि भिंतीला फोडणी बसते.

नवीन मिक्सरच घ्यायचा झाला तरी रोजच्या वाटणाला 500 वॉट पुरतात. 750 वॉटचा उपयोग वरचेवर कोरडे मसाले दळणाऱ्यांना. मध्येच बंद पडला तर लगेच दुरुस्तीला नेऊ नका. बऱ्याच मिक्सरना खाली लाल बटण असतं. मोटर गार झाली की ते दाबा.

वेट ग्राइंडरबद्दल: कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे आणि ते उगाच नाही. त्यात दगड सावकाश फिरतात, पीठ तापत नाही आणि उडदाची डाळ फुलून येते. पण ही चैन दर आठवड्याला इडली-डोसा करणाऱ्यांसाठी. महिन्यातून एकदा इडली होणार असेल तर मिक्सरमध्येच गार पाणी घालून वाटा आणि प्रमाण बदला: ग्राइंडरमध्ये 4 वाट्या तांदळाला 1 वाटी उडीद चालतात, तर मिक्सरमध्ये 3 ला 1 घ्या. वाटीभर मसाल्याच्या वाटणासाठी तर ग्राइंडर नकोच. धुण्यातच जीव जातो.

पाट्याचं प्रेम मलाही आहे, पुरणासाठी तर फारच. पण नवा पाटा आधी तांदूळ किंवा जाडं मीठ वाटून, राखाडी पाणी येणं थांबेपर्यंत धुवावा लागतो. पुढे गुळगुळीत झाला की टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने ठोकून तो पुन्हा खडबडीत करायचा. शहरात टाकी लावणारा शोधून दाखवा. आणि घर बदलताना तो उचलणार कोण?

खलबत्ता दगडी किंवा लोखंडी घ्या. पितळेचा वेलची-मिऱ्यांना ठीक, पण आंबट, ओलं त्यात कुटू नका. ओट्यावर ठेवून ठोकू नका, ग्रॅनाइट तडकतो. खाली जमिनीवर, पोत्याची जाड घडी घालून. खालच्या मजल्यावरचे पण सुखी. लसूण-खोबऱ्याची चटणी आणि दाण्याचं जाडसर कूट यातलंच खरं. मिक्सरमध्ये तेल सुटून गोळा होतो.

आता रात्रीचं. मटकीची उसळ आणि भाकरी करा. 2 मध्यम कांदे, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, 8-10 लसूण पाकळ्या, थोडं आलं, एवढंच वाटण. तेलात ते कडेने तेल सुटेपर्यंत परता, मग तिखट-मीठ, मटकी आणि गरम पाणी. सोबत ठेच्याला यंत्र लागतच नाही: लोखंडी तव्यावर थोड्या तेलात हिरव्या मिरच्या आणि लसूण डाग पडेस्तोवर परता, जाडं मीठ घाला आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडा. खिडकी उघडी ठेवा, ठसका लागतो. उरलेला ठेचा सकाळी दह्यात कालवला की पराठ्याची सोय झाली.