मी काय केलं म्हणजे मिळेल?

मावशी, सलाम. मी ऐरोलीला राहते. गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे चर्चमध्ये प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस देतात त्या दिवशी, माझा सहा वर्षांचा मुलगा रांगेतून पुढे गेला आणि मोठ्यांसारखे तळव्यावर तळवा ठेवून त्याने हात पुढे केले. चर्चच्या पंचांपैकी एक काका सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसले. मला इतकी लाज वाटली की घरी येऊन मी त्याला फटका मारला. तेव्हापासून तो विचारतोय, ‘मी काय केलं म्हणजे मिळेल?’ दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पांघरुणाची घडी घातली आणि म्हणाला, ‘आता मिळेल?’ खरं सांगते, मीच वर्षभर प्रभुभोजन घेतलेलं नाही. सासूबाईंच्या दागिन्यांवरून नणंदेशी अबोला आहे; ती ठाण्यात असते. अयोग्य माणसाने घेतलं तर दंड होतो, या भीतीने मी मागच्या बाकावर बसून राहते. मुलाला काय सांगू?
– एक आई

प्रिय लेकी, सलाम.

तुझं पत्र वाचताना मी त्या पांघरुणाच्या घडीपाशीच अडले. रविवारी ज्या पोराने कसलाही हिशेब न करता हात पुढे केले, तो सोमवारी कमवायला लागला. हे त्याला आपण मोठ्यांनी शिकवलं, एकदा खेकसून आणि एकदा फटका मारून. म्हणून आधी त्याची माफी माग. आज रात्रीच, झोपवताना. ‘माझं चुकलं, तू काही वाईट केलं नव्हतंस,’ एवढं पुरे. पुढे ‘पण तूसुद्धा’ जोडू नकोस.

मग बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढ. लोक मुलांना प्रभूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि प्रभू रागावतो तो शिष्यांवर. लूकचं शुभवर्तमान तर सांगतं की आणलेली मुलं तान्ही होती. तान्ह्या बाळाने कुठलं पुण्य केलेलं असतं? कुठलं वचन पाठ असतं? त्याला कुणीतरी उचलून आणलेलं असतं, बस. प्रभू त्यांना कवेत घेतो, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो आणि म्हणतो, देवाचं राज्य बाळासारखं स्वीकारा. पुढच्याच ओवीत, सतराव्या, एक माणूस धावत येऊन गुडघे टेकतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू? बघ, तुझ्या लेकाचाच प्रश्न! त्या माणसाने लहानपणापासून आज्ञा पाळलेल्या होत्या, गाठीला बरंच काही होतं, आणि तो खिन्न होऊन परत गेला. रिकाम्या हातांची ती बाळं मात्र प्रभूच्या मांडीवर होती.

मुलं निष्पाप असतात म्हणून हे, असं मला म्हणायचं नाही. माझा नातू दीड वर्षाचा आहे. परवा त्याने वरणभाताची वाटी माझ्या पदरावर उपडी केली, वर रडून घर डोक्यावर घेतलं. दहा मिनिटांत मी दुसरा घास कालवला, तर डोळ्यांत पाणी तसंच आणि तोंड उघडं. मघाच्या वाटीचं काय, हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. आजी भरवणार, एवढंच त्याला ठाऊक. विश्वास म्हणतात तो हा, असं मला त्या क्षणी फार आतून वाटलं, आणि कृपा म्हणजे तो दुसरा घास.

आता तुझ्या भीतीचं. प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय तू अर्धाच वाचलेला दिसतोस. तिथे अयोग्य माणसांबद्दल नाही, अयोग्य रीतीबद्दल लिहिलंय. करिंथात काही जण आधीच खाऊन-पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. पौल चिडला तो त्यावर. योग्य ठरल्यावरच यायचं असतं, तर त्या मेजाशी कुणीच आलं नसतं.

नणंदेचं मात्र मी टाळणार नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हेही प्रभूचंच सांगणं आहे. पण त्याने ‘जा’ म्हटलंय. मागच्या बाकावर वर्षभर बसून राहा असं म्हटलेलं नाही. ऐरोलीहून ठाणं, मध्ये एक दिघा गाव स्टेशन. दागिन्यांचा निवाडा करायला जाऊ नकोस, तो नंतर होईल किंवा होणारही नाही. तिच्या हातचा चहा घे. तिने दार लावून घेतलं तरी तुझं जाणं झालेलं असेल; मग रविवारी पुढे ये.

मुलाच्या भाकरीचं पाळकसाहेबांशी बोल. तुमच्या मंडळीत दृढीकरणानंतरच, म्हणजे मुलाने जाणत्या वयात विश्वासाची जाहीर कबुली दिल्यावरच, देत असतील, तर तो नियम मोडायला मी सांगणार नाही. सगळीकडे तो सारखा नाही, एवढं मुलाला जरूर सांग. कॅथलिकांमध्ये पोप दहावे पायस यांनी १९१० साली पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याचं वय साधारण सातवर आणलं, आणि आपल्याकडच्या मल्याळी ऑर्थोडॉक्स घरांत बाप्तिस्म्याच्या वेळीच तान्ह्या बाळाच्या ओठांना प्रभुभोजन लावतात. पाळकसाहेबांना विचार, तो रांगेत आला की डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्याल का? प्रभूने तेच केलं होतं.

आणि उद्या सकाळी त्याने पुन्हा पांघरुणाची घडी घालून ‘आता मिळेल?’ म्हटलं, तर त्याला जवळ घे आणि सांग, ‘बाळा, घडीचा आणि त्याचा काही संबंध नाही. ते तुझ्यासाठी ठेवलेलंच आहे.’

तुझी,
मावशी