आजी-आबा मे महिन्यात येतायत आणि माझी खोली १४ मीटरची

प्रश्न : मी नागपूरचा, प्रतापनगरचा. सध्या जर्मनीत आखेनला मास्टर्स करतोय, दुसरं सेमिस्टर. आई-बाबा दोघंही नोकरीवाले, त्यामुळे मला वाढवलं ते आजी-आबांनीच. आता आजीने फोनवर सरळ सांगून टाकलं की आम्ही मे मध्ये येतो, दोन महिने राहतो, इथे ४५ डिग्रीत कूलरसमोर बसून तसंही काय करतो. आबा ७५ चे, आजी ७१ ची. तिकिटाचे पैसे बाबा देतायत. पण माझी हॉस्टेलची खोली १४ चौरस मीटर, किचन सहा जणांत एक, सकाळी नऊपासून लॅब आणि जुलैत परीक्षा सुरू. नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची हिंमत होत नाही. दिवसभर एकटे काय करतील ते? – एक नातू

उत्तर : अरे बाप्पा, येऊ दे की त्यांना! पण दोन महिने नाही, तीनच आठवडे. हे आजीला तू नको सांगू, बाबांना सांगू दे, तुझं ऐकून ती रुसेल. मे चा दुसरा आठवडा ते जूनची सुरुवात, एवढंच धर, म्हणजे तुझी परीक्षाही वाचते आणि इथल्या नवतप्याचं कडक ऊनही चुकतं. पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आठवड्यात तुमच्याकडे लेक्चर नसतात का ते युनिव्हर्सिटीच्या कॅलेंडरमध्ये बघून घे, बाहेर फिरायचं ते सगळं त्याच आठवड्यात कोंब.

व्हिसाचं आधी उरकते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो, फी माणशी ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला दोघांना स्वतः जावं लागेल, वय झालं म्हणून सूट नाही, ती फक्त १२ वर्षांखालच्या पोरांना. तू जामीन राहायच्या भानगडीत पडू नको, त्यासाठी तिथे कमाई दाखवावी लागते आणि विद्यार्थ्याची ती पुरत नाही. त्यापेक्षा आबांच्या पेन्शनचं पासबुक, घराची टॅक्स पावती, बाबांचं बँक स्टेटमेंट आणि खर्च मी करतोय असं बाबांचं पत्र. तू आपलं साधं निमंत्रणपत्र, पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटची कॉपी, युनिव्हर्सिटीचं प्रमाणपत्र पाठव. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो, पण नुसता आकडा बघून घेऊ नको, बीपी-शुगरसारखं जुनं दुखणं त्यात धरलंय का तेवढी ओळ बाबांना चष्मा लावून वाचायला सांग. बहुतेक वेळा तिथेच गोम असते.

राहायचं. १४ मीटरमध्ये तिघं म्हणजे नातं टिकायचं नाही रे. शिवाय हॉस्टेलच्या करारात पाहुणे किती रात्री चालतात हे लिहिलेलं असतं, ते वाच. तुझ्यापासून चालत दहा मिनिटांवर किचनवालं छोटं घर तीन आठवड्यांसाठी भाड्याने घे, आणि तळमजला किंवा लिफ्ट हे आधी विचार, फोटोत जिने दिसत नाहीत. व्हिसाला राहण्याचा कागद लागतो तोही त्यातून सुटतो.

आता तुझा खरा प्रश्न, दिवसभर काय करतील. माझी मोठी ड्रेस्डेनला शिकत होती तेव्हा माझे सासू-सासरे तिच्याकडे गेले होते, म्हणून हे तोंडपाठ आहे. पोरीने काय केलं, रोजचा कार्यक्रम आखला. आज हा किल्ला, उद्या ते म्युझियम, परवा बोट. पाचव्या दिवशी सासरे म्हणाले बेटा, आम्ही तुला बघायला आलो, जर्मनीला नाही. मग तिने सगळं सोडलं आणि त्यांना एक किल्ली, एक थैली आणि ब्रेड आणायचं काम दिलं. बस. रोज सकाळी दहाला सासरे बेकरीत जाणार, बोटाने दाखवणार, सुटे पैसे मोजून देणार, येताना रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून प्रत्येकी २५ सेंटची पावती घेणार. त्या २५ सेंटचा त्यांना इतका नाद लागला की बाकावर कोणाची बाटली दिसली तरी उचलायचे, पोरगी लाजेने अर्धी.

पण किल्लीवरून सांगते, पहिल्याच दिवशी दाराची ट्रेनिंग दे. तिकडे दार नुसतं ओढलं की लागतं, बाहेरून मूठ फिरत नाही, किल्लीच पाहिजे. आपल्याकडे कडी लावल्याशिवाय दार लागत नाही ना, तीच सवय. सासरे बनियन आणि स्लीपरवर कचरा टाकायला निघाले, सासूबाई आंघोळीला, झालं, पाऊण तास जिन्यात बसून. आणि नंतर एका रविवारी दोघंही बाहेर, किल्ली आत, त्या कुलूपवाल्याने जेवढे घेतले तेवढ्यात इतवारीत दोन नवी दारं आली असती. एक जादा किल्ली तुझ्याकडे ठेव. आणि आबांच्या खिशात कागद : घराचा पत्ता, तुझा नंबर, इमर्जन्सीला ११२, दवाखाने बंद असताना साध्या दुखण्याला ११६११७. औषधं मुक्कामाला पुरतील एवढी, डॉक्टरची इंग्लिश चिठ्ठी सोबत, त्यात कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव असू दे.

उजेडाचं कोणी सांगत नाही. मे च्या शेवटी तुमच्याकडे सूर्य मावळतो साडेनऊनंतर. आमच्या सासूबाईंची दिवेलागण होईचना, त्या खिडकीत ताटकळत. शेवटी त्यांनी ठरवलं की नागपूरच्या सातला लावायचा, म्हणजे तिथे दुपारी साडेतीनला, आणि लावायच्याही. जाड पडदा आहे का ते बघ, नाहीतर पहाटे साडेपाचला लख्ख उजेड आणि आजी चहा टाकून तुला फोन.

फिरवायचंच तर दोनच जागा. गावातलं एलिझेनब्रुन्नेन, गरम गंधकाचं पाणी येतं तिथे, वास सडक्या अंड्यासारखा, आजी तीर्थ म्हणून ओंजळ भरेल तर अडव, ते पिण्याचं नाही. आणि दुसरं वाल्सजवळची टेकडी, जिथे जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका दगडावर भेटतात. वाल्सपर्यंत बस आहे, वर टॅक्सीने ने. झिरो माईलच्या गावचा माणूस आहे, आबांना तो दगड सोडवणार नाही. तिथे नेदरलँड्सचे लोक ३२२ मीटरला आपला डोंगर म्हणतात, आणि आपलं नागपूर सपाटीवर बसून ३१० च्या आसपास आहे हे आबांना आधीच सांगून ठेव, मग बघ. एका व्हिसावर तिन्ही देश चालतात. आणि त्यांच्यासाठी महिन्याचं डॉइचलँड-तिकीट (जर्मनीभर लोकल गाड्या आणि बसला चालणारा पास) काढलंस तर ते सबस्क्रिप्शन असतं, ज्या महिन्यानंतर नको त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद करावं लागतं, नाहीतर आबा इथे अंबाझरीला फिरतील आणि पैसे तिथे कटतील.

खाण्याचं, आजी बॅग भरायला लागायच्या आत फोन कर. तूप, पनीर, खवा, मटण-चिकनचं काहीही नेता येत नाही. ताजा कढीपत्ता आणि सांबार, म्हणजे कोथिंबीरही नाही. केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन ही पाच फळं सोडली तर ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, म्हणजे संत्री नाहीच, नागपूरची असली तरी. तिला सांग की भिवापूरची मिरची पावडर, गोडा मसाला, वड्या, पापड, डाळी आण, वडाभात तेवढ्यात होतो. तर्री मात्र खिडकी उघडून आणि दार लावून कर म्हणावं, धूर अलार्मपर्यंत पोचला की तो बोंबलतो.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच दोघांसाठी सांगा, निदान ४८ तास आधी तरी. आबा म्हणतील मला काय धाड भरलीय. त्यांना सांग की व्हीलचेअरवाल्याला इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, लगेच बसतील.