पद्मिनीचं इंजिन: बांधायचं की दुसरं घालायचं?

84 ची प्रीमियर पद्मिनी (जुनी फियाट), निळा धूर, घाटात दुसऱ्या गिअरवर रडते आणि मिस्त्री म्हणतो ‘118 एनईचं इंजिन टाका, पळेल’ (म्हणजे प्रीमियरच्याच नंतरच्या गाडीचं, निस्सानचं इंजिन), असं तुम्ही लिहिलंय. दादा, आधी एक बघा. तुम्ही तुलना करताय ती दमलेल्या 1089 सीसी इंजिनाची ठणठणीत 1171 सीसीशी. 82 सीसीच्या फरकाने चढ सोपा होत नाही. तुमचं इंजिन धड असतं तर हा प्रश्नच पडला नसता.

आता मोजमाप. गाडी गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा आणि प्लगच्या भोकाला गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) घ्या. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा घ्या. काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग बघा. तेवढ्यासाठी सगळं इंजिन उतरवायचं कारण नाही. मिस्त्रीने हे केलंय का? बहुतेक नुसता सायलेन्सरचा धूर बघितला असेल.

निस्सानचं ते इंजिन चांगलंच आहे, वाद नाही. क्रँकला (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) पाच मेन बेअरिंग, आपल्या पद्मिनीला तीन, त्यामुळे हायवेला ते जास्त गुळगुळीत चालतं. पण फाउंडेशन (इंजिन बसतं ते माउंटिंग), प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर पाइप सगळं जुळवत बसावं लागतं. त्याचाच गिअरबॉक्स घेतलात तर स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा जाऊन खाली फ्लोअर कापावा लागणार. ब्रेक मात्र तुमचे जुनेच, चारही चाकांना ड्रम. आणि ते इंजिनसुद्धा भंगारातूनच येणार, म्हणजे तेही उघडावं लागणारच!

कागदांचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. तुमची गाडी दर पाच वर्षांनी री-पासिंगला (आरटीओत नोंदणी पुढे चालू करायला) जाते, तिथे इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघतो.

मी माझ्या गाडीचं फुल काम केलं तेव्हा बोअरिंग, ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, सगळं झालं. लेथवाल्याने क्रँकमधल्या ऑइलच्या वाटा धुतल्याच नाहीत. दोनशे किलोमीटरवर बिग एंड (कनेक्टिंग रॉडची क्रँककडची बेअरिंगं) ठोकायला लागले, परत सगळं खाली. तेव्हापासून क्रँक घरी आणतो, रॉकेल आणि बारीक ब्रशने एकेक भोक साफ करतो, कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि मगच बांधायला देतो. मिस्त्री हसतात. हसू देत.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, जुन्या पार्टच्या बाजारात विचारा, पार्ट अजून निघतात. पिस्टन सेट हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. पिस्टन मोजूनच बोअर करायचा असतो.

कॉम्प्रेशनचे चारही आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.